रोजकीर्द ते गोषवारा : संगणकीय अहवालातील बेरजेची शिस्त

पुण्याच्या पेशवे दफ्तरात रोजकीर्द आणि घडणी अशा दोन प्रकारचे कागद आढळतात. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमाने येतात, तर घडणीत तेच व्यवहार विषयवार लावलेले असतात. आजच्या व्यावसायिक संगणकप्रणालीत अहवालासाठी आकड्यांचे जे एकत्रीकरण केले जाते, ते मुळात घडणीचेच काम आहे. हजारो नोंदी ठरावीक निकषांनी गटांत विभागायच्या आणि प्रत्येक गटाची बेरीज, संख्या किंवा सरासरी काढायची, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र हे क्षणात करते, परंतु गट कोणते, बेरीज कशाची आणि किती काळाची, हे माणसाला आधी ठरवावे लागते आणि अहवालाची विश्वासार्हता त्यावरच उभी राहते.

पहिला निर्णय नोंदीच्या बारकाव्याचा. अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरातील एखाद्या किराणा दुकानाने फक्त बिलाची एकूण रक्कम साठवली, तर महिन्याची विक्री कळेल, पण कोणता माल खपला हे कळणार नाही. बेरजेत एकदा मिसळलेला तपशील पुन्हा वेगळा काढता येत नाही, म्हणून मूळ नोंद वस्तुगणिक ठेवून ठोक आकडा तिच्यावरून काढणे श्रेयस्कर ठरते. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराने ही गरज कायद्यानेच अधोरेखित केली. विक्रीच्या जीएसटीआर-१ या विवरणात नोंदणीकृत खरेदीदारांची बिले एकेक द्यावी लागतात, राज्यातल्या राज्यात नोंदणी नसलेल्या ग्राहकांना केलेली विक्री कराच्या दरानुसार एकत्र दाखवता येते आणि मालाच्या एचएसएन संकेतांकानुसार गोषवारा वेगळा लागतो. एकाच विक्रीची ही तीन रूपे परस्परांशी जुळायची, तर तिन्हींचा उगम एकाच नोंदीत असावा लागतो.

दुसरा निर्णय गटांच्या ओळखीचा. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या प्रणालीत ग्राहकाचा जिल्हा हाताने टंकलिहिला जातो, तिथे ‘नगर’, ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ असे तीन गट पडून एकाच प्रदेशाची विक्री तिघांत विखुरते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक ग्राहकाला, मालाला आणि ठिकाणाला कायमचा संकेतांक देऊन गट त्यावरून पाडणे. मग नाव बदलले तरी बेरीज तुटत नाही. काळाचेही तसेच आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, साखर हंगामाचे वर्ष १ ऑक्टोबरला, तर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालणाऱ्या व्यापाऱ्याचे वर्ष कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. म्हणून ‘यंदाची विक्री’ म्हणजे कोणत्या वर्षाची, हे अहवालावरच लिहिलेले असावे.

तिसरा आणि सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे कोणत्या आकड्याची बेरीज करावी. विक्रीची रक्कम दिवसांमधून आणि दुकानांमधून निर्धास्त मिळवता येते. गोदामातील शिल्लक दुकानांची मिळवता येते, पण तीस दिवसांची शिल्लक मिळवून महिन्याची शिल्लक होत नाही, तिथे अखेरच्या दिवसाचा आकडा घ्यावा लागतो. टक्केवारी तर कशीच मिळवता येत नाही. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला त्या अहिल्यानगर जिल्ह्यात साखर उताऱ्याचे उदाहरण सर्वांना समजेल. एका दिवशी १,००० टन उसाचे गाळप १० टक्के उताऱ्याने आणि दुसऱ्या दिवशी ४,००० टनांचे ११ टक्क्यांनी झाले, तर दोन टक्केवाऱ्यांची सरासरी १०.५ येते, परंतु ५,००० टन उसातून साखर ५४० टन निघालेली असल्याने आजअखेरचा खरा उतारा १०.८ आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची रास्त व किफायतशीर किंमत १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये असून त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात. तेव्हा हंगामभर हाच घोळ राहिला, तर ०.३ टक्क्यांचा फरक टनामागे १०३.८० रुपयांचा होतो आणि तो शेतकऱ्याच्या पदरातून जातो. म्हणूनच अंश आणि छेद दोन्ही साठवून भागाकार शेवटी करणे हा अशा अहवालांचा पहिला नियम मानावा.

नोंदी फार वाढल्या की दर वेळी सर्व बिले चाळण्याऐवजी रोजच्या, महिन्याच्या बेरजा आधीच काढून ठेवल्या जातात. अहवाल त्यामुळे झटपट मिळतो, मात्र मागील तारखेचे बिल उशिरा आले किंवा माल परत आला, तर साठवलेली बेरीज शिळी होते. तिची फेरमोजणी कधी होते आणि ती शेवटची केव्हा झाली, हे वाचणाऱ्याला दिसले पाहिजे. मूळ नोंदींची एकूण बेरीज आणि गोषवाऱ्याची बेरीज यांचा ताळा रोज घेणे हे त्याच शिस्तीचे अंग आहे.

गोषवाऱ्यातील कोणत्याही आकड्यावरून पायरीपायरीने उतरत मूळ बिलापर्यंत जाता यावे, ही या साऱ्याची अंतिम कसोटी होय. घडणीवरची शंका रोजकीर्द उघडून फिटावी, तशीच लाखो टनांच्या गाळपाच्या बेरजेवरून ऊस घालणाऱ्याला आपली काटापावती सापडली पाहिजे. कारण त्या बेरजेत त्याचेही वजन मिळवलेले असते.