उज्जैनकडे शेतावर राहायला जाण्याआधी

नोकरी सोडून स्वतःचं पिकवून खावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांना उज्जैन जिल्ह्याची भुरळ पडणं साहजिक आहे. काळी जमीन आहे आणि मराठी माणसाशी जुनं नातंही आहे. 1810 मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवेपर्यंत शिंद्यांची राजधानी इथेच होती. जिल्हा चांगलाच आहे. पण त्याच्याविषयीचे काही समज महागात पडतील असे आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज पाण्याचा. माळव्यात पावलोपावली पाणी, ही ख्याती जुनी आहे. वस्तुस्थिती अशी की इथेही खाली महाराष्ट्रासारखाच काळा पाषाण आहे. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि दगडातल्या भेगा. भेग लागली नाही तर बोअर कितीही खोल नेली तरी कोरडीच. पाऊस वर्षाला साधारण 900 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरमागे 90 लाख लिटर. पण तो बहुतेक जून ते सप्टेंबरात पडतो आणि अडवला नाही तर वाहून जातो. क्षिप्रेतही 2014 पासून नर्मदेचं पाणी उपसून सोडतात. शेजारच्या देवासला तर 1990 मध्ये पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागलं. त्याच देवास जिल्ह्यात 2006 नंतर शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत हजारो शेततळी खोदली आणि रब्बी सावरली. म्हणून जमिनीचा हिशेब करताना तळ्यात जाणारी जागा आणि खोदाईचा खर्च आधीच धरा.

'सोयाबीनचा पट्टा आहे, तेव्हा तेल घरचं,' हाही भ्रम. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18-20 टक्के. ते कारखान्यात द्रावकाने काढतात, घाण्यावर परवडत नाही. घरच्या तेलासाठी भुईमूग, तीळ किंवा मोहरी लावा. गव्हाची मात्र चिंता नाही. पाच माणसांना वर्षाला सहा क्विंटल धरले, तरी ओलिताचा पाव हेक्टर पुरून उरतो. मीठ, डिझेल, औषधं यांना रोकड लागतेच, सोयाबीन त्यासाठी.

थंडी नुसती सुखद असते असंही नाही. लाटेत पारा पाच अंशांखाली जातो, पाला पडतो आणि हरभरा, वाटाणा, बटाटा करपतो. पाल्याची चिन्हं दिसताच संध्याकाळी हलकं पाणी द्यावं लागतं. उन्हाळ्यात हाच पारा चाळिशीपार असतो. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. उथळ पायावरचं घर तडकतं.

महाराष्ट्रात शेती घ्यायला शेतकरी असावं लागतं, मध्य प्रदेशात तशी अट नाही. पण म्हणून कागद ढिले नसतात. बिघ्याच्या मापावर विसंबू नका, खसऱ्यातले, म्हणजे सरकारी जमीन-नोंदीतले, हेक्टर बघा. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची चौकशी आधी करा.

आणि जमीन बघायला डिसेंबरात नव्हे, मे महिन्यात जा. शेजारच्या विहिरींत तेव्हा किती पाणी आहे ते स्वतः पाहिल्याशिवाय सौदा करू नका.