आधी पैसे की आधी माल?

टपालाने माल मागविण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. पुस्तके, बी-बियाणे, औषधे, मनगटी घड्याळे अशा कितीतरी वस्तू एकेकाळी खेडोपाडी व्ही. पी. ने येत असत. पोस्टमन दारात येई, रक्कम मोजून घेई आणि मगच पुडके हाती देई. महिनाअखेरीस व्ही. पी. आली तर ती सोडविण्यासाठी मास्तरांच्या घरी उसनवारी होई. ती जमली नाही तर व्ही. पी. परत जाई. परत गेलेल्या पुडक्याचा जाण्यायेण्याचा खर्च कोणाच्या माथी बसला, याचा विचार मागविणाऱ्याच्या मनात क्वचितच येत असे. प्रस्तुत लेखकानेही विद्यार्थिदशेत एका प्रकाशकाची व्ही. पी. अशीच परत जाऊ दिली होती आणि त्याबद्दल त्यावेळी यत्किंचितही खंत वाटली नव्हती, हे येथे कबूल केलेले बरे.

तोच प्रश्न आता उलट बाजूने गावात येऊन ठेपला आहे. पूर्वी गाव माल मागवीत असे. आता गावातील बचत गट, बागायतदार आणि कारागीर माल पाठवीत आहेत. मसाला, पापड, काजूगर, गूळ, हातमागाचे कापड यांची मागणी भ्रमणध्वनीवरील संदेशाने येते. मागणी करणारा पुण्याचा की नागपूरचा, हे पत्त्यावरून कळते. तो भरवशाचा आहे की नाही, हे कळत नाही. अशा वेळी पैसे हाती येण्यापूर्वी माल रवाना करावा काय, असे गटाच्या भगिनी ग्रामसेवकाला किंवा शाळेतील गुरुजींना विचारतात. या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु ते देता येण्यासारखे मात्र आहे.

दुकानात समोरासमोर होणाऱ्या व्यवहारात हा प्रश्न उद्भवतच नाही. एका हाताने पैसे द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने वस्तू घ्यावयाची, अशी तेथील रीत असते. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ३२ मध्ये हीच रीत शब्दबद्ध झालेली आहे. दोन्ही पक्षांनी काही वेगळे ठरविले नसेल, तर मालाचा ताबा देणे व किंमत देणे या गोष्टी एकाच वेळी व्हावयाच्या आहेत. अंतर पडले की हे 'एकाच वेळी' मोडते, आणि दोघांपैकी एकाला आधी विश्वास टाकावा लागतो.

तो विक्रेत्याने टाकला तर काय होते? किंमत मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क त्याला कलम ४७ ने दिलेला आहे. परंतु मालाच्या विल्हेवाटीचा हक्क राखून न ठेवता तो खरेदीदाराकडे पोचविण्यासाठी वाहकाच्या स्वाधीन केला, की हा हक्क संपुष्टात येतो. वाटेतला माल थांबविण्याचा हक्क कायद्यात आहे. पण तो खरेदीदार नादार झाला असेल तरच वापरता येतो, आणि चारशे रुपयांच्या मसाल्यासाठी कोणी कोणाची नादारी शाबीत करीत बसणार नाही. उरतो तो दिवाणी न्यायालयात किमतीचा दावा. त्याची मुदत तीन वर्षांची असली, तरी त्यासाठी लागणारा खर्च आणि खेटे पाहता तो हक्क बहुधा कागदावरच राहतो.

खरेदीदाराची स्थिती याहून बरी आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला असून, पैसे देऊनही माल न मिळालेल्या ग्राहकाला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही पडत नाही. माल देऊन पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला मात्र या आयोगाचे दार उघडे नाही. आधी विश्वास कोणी टाकावा, याचा निर्णय करताना हा फरक सहसा कोणी ध्यानात घेत नाही. फसलेल्या ग्राहकाला दाद मागण्याची सोपी वाट आहे, फसलेल्या विक्रेत्याला ती नाही. मग जोखीम कोणी घ्यावी, हे उघड आहे.

तिसऱ्याचा हात

जुन्या व्यापाऱ्यांनी ही अडचण तिसऱ्याला मध्ये घालून सोडविली होती. घाऊक माल रेल्वेने रवाना होई आणि त्याची पावती, म्हणजे बिल्टी, बँकेकडे जाई. खरेदीदाराने बँकेत पैसे भरून बिल्टी सोडवावी आणि ती दाखवून स्थानकावरून माल उचलावा, अशी ती पद्धत होती. लहान मालासाठी टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. सुरू केली. तिच्यातही लबाडी शिरलीच. कोणी न मागविताच पुडकी पाठवून पैसे उकळू लागले, कोणी पुडक्यात भलतेच काही भरू लागले. म्हणून १८९८ च्या टपाल अधिनियमात अशी तजवीज करण्यात आली होती, की खरोखरीची मागणी आल्यावरूनच हा माल पाठवीत आहोत असे प्रतिज्ञापन पाठविणाऱ्याकडून घेता यावे आणि फसवणूक झाली असल्यास वसूल केलेली रक्कम अडवून ती घेणाऱ्याला परत करता यावी. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही कलमे आजच्या ई-वाणिज्याच्या नियमांशेजारी ठेवून वाचली, तर माणसाचा स्वभाव फारसा बदललेला नाही असेच वाटते. तो अधिनियम रद्द होऊन त्याच्या जागी २०२३ चा टपाल अधिनियम आला आहे.

चीनमध्ये ताओबाओ या बाजारपेठेने २००३ मध्ये अलीपे ही व्यवस्था काढली, तीही याच तत्त्वावर. ग्राहकाचे पैसे मध्यस्थाकडे जमा राहत आणि माल पोचल्याचे ग्राहकाने कळविल्यावर ते विक्रेत्याला मिळत. आपल्याकडे बंगळूरच्या फ्लिपकार्टने २००७ मध्ये पुस्तकांपासून आरंभ केला. तथापि, आधी पैसे भरण्यास भारतीय ग्राहक कचरतो हे ओळखून २०१० मध्ये तिने माल पोचल्यावर रोख रक्कम घेण्याची सोय केली. व्ही. पी. च नव्या वेषात परत आली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

मोठ्या बाजारपेठांच्या संकेतस्थळांवरून विक्री करणाऱ्या गटाला म्हणूनच आमच्या प्रश्नाची फारशी चिंता करावी लागत नाही. तेथे ग्राहकाने आधीच पैसे भरलेले असतात किंवा ते दारात वसूल व्हावयाचे असतात. विक्रेत्याला ते कमिशन कापून काही दिवसांनी मिळतात. चिंता आहे ती ओळखीपाळखीतून, व्हॉट्सॲपवरून, स्वतःच्या जबाबदारीवर विक्री करणाऱ्यांना.

एका पुडक्याचा हिशेब

दारात पैसे घेण्याची पद्धत ग्राहकाला सोयीची आहे, पण तिचा हिशेब गटाने कागदावर मांडून पाहावा. समजा, एक किलो गोडा मसाल्याची किंमत पाचशे रुपये ठरविली. कच्चा माल, मजुरी व वेष्टन मिळून तीनशे ऐंशी रुपये लागले आणि कुरिअरला साठ रुपये पडले. गटाच्या हाती साठ रुपये उरले. आता ग्राहकाने दार उघडले नाही किंवा 'आता नको' म्हटले, तर पुडके परत येते. जाण्याचे साठ आणि येण्याचे साठ असे एकशे वीस रुपये गेले, म्हणजे दोन विक्रींचा नफा बुडाला. पुडके फुटून किंवा ओल लागून परत आले, तर आणखी तीनशे ऐंशी रुपये गेले. एकूण पाचशे रुपयांची ही खोट भरून काढण्यास नऊ पुडकी विनातक्रार विकावी लागतील. मोठ्या कंपनीच्या हिशेबात असे नुकसान हजारो पुडक्यांवर वाटले जाते. दहा भगिनींच्या गटात ते दहाजणींच्या मजुरीतून जाते.

शिवाय यशस्वी झालेल्या विक्रीचे पैसेही तत्काळ मिळत नाहीत. ते कुरिअरकडे जमा होतात व त्याच्या सवडीने गटाच्या खात्यात येतात. ग्राहकाला उधारी नको म्हणून ही पद्धत पत्करली आणि उधारी कुरिअरला दिली गेली, असा हा प्रकार होतो. त्या काळात मिरची-धने कशाने खरेदी करावयाचे, हे गटाने आधीच ठरवून ठेवावे.

सबब, आमचे मत असे आहे की अनोळखी ग्राहकाला लहान विक्रेत्याने पूर्ण किंमत हाती आल्याखेरीज माल पाठवू नये. मात्र मालामालात भेद केला पाहिजे. देवगड-रत्नागिरीच्या हापूसची पेटी एकदा निघाली, की परत येऊन उपयोगाची नाही. आढीतून निघालेला आंबा कोणाची वाट पाहत नाही. तेथे आधी पूर्ण पैसे घेणेच रास्त. येवल्याची पैठणी मागावर काही आठवडे, कधी काही महिने असते. ग्राहकाने सांगितलेल्या रंगाची आणि पदराची साडी दुसऱ्याला विकणे अवघड जाते. तेथे रेशीम घेण्यापूर्वी निम्मी रक्कम आणि साडी तयार झाल्याचे छायाचित्र दाखवून उरलेली रक्कम, हा क्रम दोघांनाही न्याय देणारा आहे. कोल्हापुरी पायताणाची गोष्ट वेगळी. तेथे मापाचा घोळ होतो आणि बदलून देण्याची हमी नसेल, तर ग्राहक आगाऊ पैसे देण्यास बिचकतो, आणि त्यात त्याची चूकही नाही. पैसे आधी घ्यावेत, पण बदलून देण्याची मुदत व त्याचा खर्च कोणाचा हे मागणीच्या वेळीच लेखी कळवावे. वर्षानुवर्षे माल नेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला आधी माल पाठविण्यास हरकत नाही. ती ओळख हेच त्याचे तारण होय.

आगाऊ पैसे घेणाऱ्यावर जबाबदारीही येते, हे सांगितलेच पाहिजे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये माल सदोष असेल, बनावट असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. नैसर्गिक आपत्तीसारख्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झालेला उशीर तेवढा याला अपवाद आहे. म्हणून 'दोन दिवसांत पोचेल' असे उत्साहाच्या भरात लिहू नये. पावसाळ्यात घाट बंद पडतात, हे आपल्याला ठाऊक असते. ग्राहकाला ठाऊक असतेच असे नाही.

पैसे 'मिळाले' म्हणजे काय, याविषयीही सावधगिरी हवी. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून गावातल्या टपरीवरही क्षणात पैसे जमा होऊ लागले. त्याबरोबर पैसे भरल्याचे खोटे चित्र पाठवून माल उकळण्याचे प्रकारही सुरू झाले. ग्राहकाने पाठविलेले चित्र हा पुरावा नव्हे. गटाच्या स्वतःच्या खात्यात रक्कम दिसली पाहिजे. पैसे घेण्यासाठी गुप्त अंक कधीही द्यावा लागत नाही. 'जास्त रक्कम चुकून आली, फरक परत करा' असा दूरध्वनी आल्यास आधी खाते पाहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी ती रोखली जाण्याची शक्यता तेवढ्यापुरतीच असते.

कार्यालयांची खरेदी

आतापर्यंत घरगुती ग्राहकाचा विचार केला. शाळा, पंचायत, संस्था व दुकानदार हे ग्राहक असतात, तेव्हा आगाऊ पैसे मागण्याची सोय बहुधा नसते. माल आल्यावर, तपासल्यावर, देयक सादर झाल्यावर रक्कम मिळते. गटाला येथे आधी माल द्यावाच लागतो, आणि उधारीचा खरा जाच येथेच आहे. फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत गटाचे भांडवल अडकून पडते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाला माल स्वीकारल्यापासून ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावयाचे असतात, आणि ही मुदत कराराने ठरविली असली तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. करारच नसेल तर ती पंधरा दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज देय होते. त्यासाठी गटाची 'उद्यम' नोंदणी माल देण्यापूर्वी झालेली असावी. बचत गटांनाही ही नोंदणी करता येते. दुसरी बाब अगदी साधी आहे, पण तीच राहून जाते. मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजली जाते. तेव्हा माल उतरवून घेताना चलनाच्या प्रतीवर त्या दिवसाची तारीख घालून सही करावी आणि ती प्रत त्याच वेळी गटाच्या हाती द्यावी.