सोयरिकीची बाजू

भोपाळमधील बहुतेक मराठी घरांना एक श्रीमंत नातलग असतो. तो इंदूर, ग्वाल्हेर किंवा देवासचा असतो, त्याचा वाडा मोठा असतो आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलेले मात्र कोणीच नसते. आमचा इंदूरचा. ‘पणजोबांची बहीण होळकरशाहीतील एका सरदाराच्या घरी दिली होती,’ असे आजी सांगत असे. गेल्या वर्षी मी त्या घराचा शोध घ्यायचे ठरविले.

त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे हस्ताक्षर सापडले. मूळ गाव, भाऊ, मुलगे, सारे त्यात होते, बहीण नव्हती. घरच्या वंशावळीत ‘कन्या एक, इंदुरास दिली’ एवढेच. सासरचे आडनावच नसल्याने माग तेथे तुटला.

मग होळकरांचा इतिहास नव्या दृष्टीने वाचला. मल्हारराव (१६९३–१७६६) लहानपणी पितृछत्र हरपल्यावर आईबरोबर खानदेशात तळोद्यास, मामा भोजराज बारगळ यांच्याकडे आले. पुढे मामाच सासरे झाले. त्यांची कन्या गौतमाबाई. १७३४ मध्ये पेशव्यांकडून तिच्या नावे, दौलतीहून वेगळी अशी खासगी जहागीर मिळाली. १७६१ मध्ये ती निवर्तल्यावर खासगी आली सुनेकडे, म्हणजे चौंडीच्या शिंद्यांच्या लेकीकडे. अहिल्याबाईंच्या धर्मकार्याचा मोठा भार या खासगीने उचलला. मामाचा आश्रय आणि सासूकडून सुनेकडे आलेले धन, यांचा पत्ता केवळ मुलग्यांच्या वंशावळीत कसा लागावा?

बालरोगतज्ज्ञाला ही उणीव फार जाणवते. एका दोन वर्षांच्या मुलाचा गुडघा वारंवार सुजे. पडला असेल, आपटला असेल, असे म्हणत वर्ष गेले. माझ्याकडे आणले तेव्हा वडिलांनी आपल्या चार पिढ्या सांगितल्या. आईच्या बाजूविषयी ‘विशेष काही नाही’ एवढेच उत्तर मिळाले. तपासणीत हिमोफिलिया निघाला. पुढे कळले, की मुलाच्या आईचे मामा तरुणपणी दात काढल्यावर रक्त न थांबल्याने गेले होते. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. आई बहुधा निरोगी राहून तो वाहते आणि तिच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. आजीच्या माहेरची ती एक हकीकत वर्षभर आधी कळती, तर मुलाचा सांधा वाचला असता. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लेकी-नातींमार्फत हाच विकार रशियाच्या राजपुत्रापर्यंत पोहोचला. तेथे सोयरिकी नोंदलेल्या होत्या, म्हणूनच तो माग काढता आला.

आमचा सरदार सापडला नाही. पण वंशावळ मी नव्याने लिहिली आहे. तीत लेकींची नावे व त्यांची सासरे, सुनांची माहेरे आणि प्रत्येकाच्या मृत्यूचे कारण आहे. आपणही या दिवाळीत घरातील सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीजवळ कागद-पेन घेऊन बसावे, ही विनंती. आणि इंदूरच्या एखाद्या वंशावळीत पणजीच्या माहेराची जागा कोरी असेल, तर मला अवश्य कळवावे.