कळंब्याची डोंगरवाट आणि धांवणारीं माणसें



कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणारा रस्ता शहर सोडूं लागला, कीं कळंबा लागतें. गांवाशेजारचा तलाव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. कोल्हापूर शहराला पाणी मिळावें म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तो बांधला गेला. त्यांत येणारें पाणी कात्यायनीच्या डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्याचें. पहांटे या तलावाच्या बांधावर गेलें, तर फिरावयास आलेल्या मंडळींचा मेळा भरलेला दिसतो. कोणी सावकाश चालतात, कोणी गप्पा मारतात, कोणी मोजकीं पावलें टाकीत धांवतात. परंतु बांधाचें टोंक आलें, कीं बहुतेक मंडळी मागें फिरतात. जेथें तीं मागें फिरतात, तेथून पुढें निघणाऱ्या वाटेविषयीं मी आज बोलणार आहें.

डांबरी रस्ता सोडून पाऊलवाटेनें, डोंगर चढत-उतरत धांवण्याचा जो प्रकार आहे, त्याला सध्यां आपल्या शहरांतून ट्रेल रनिंग म्हणतात. मला 'डोंगरधांव' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. नांव कोणतेंहि असो, रस्त्यावरच्या धांवेहून ही गोष्ट निराळी आहे. रस्त्यावर धांवणारा पहिल्यानें विचारतो, 'किती मिनिटांत किती अंतर?' डोंगरांत या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाहीं. तेथें विचारावयाचें असतें, 'चढ किती?'

विल्यम नेस्मिथ नांवाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं यासाठीं एक सोपा हिशेब सांगितला. सपाटीवर तीन मैलांना एक तास धरावा, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास मिळवावा. आपल्या मापांत सांगावयाचें, तर पांच किलोमीटरांस एक तास आणि सहाशें मीटर चढास एक तास. म्हणजे दहा किलोमीटरांची वाट असेल आणि तींत तीनशें मीटर चढ असेल, तर दोन तासांची वाट अडीच तासांची होते. हा हिशेब चालणाराचा आहे. धांवणाराचे आंकडे वेगळे, पण तत्त्व तेंच. बांधावर जो मनुष्य दहा किलोमीटर एका तासांत धांवतो, तो डोंगरांत तेवढ्याच अंतराला दीड तास घेऊं लागला, तर त्यानें स्वतःला आजारी समजण्याचें कारण नाहीं.

चढावर चालावें कीं धांवावें? नव्या मंडळींना चालण्याची लाज वाटते. ती अगदीं अनाठायीं आहे. इटालियन शास्त्रज्ञ मिनेत्ति आणि त्यांचे सहकारी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोंगरांत धांवणाऱ्या पटाईत गड्यांना फिरत्या पट्ट्यावर निरनिराळ्या चढ-उतारांवर धांवावयास लावलें आणि त्यांच्या श्वासावरून किती शक्ति खर्च होते तें मोजलें. शंभर पावलांमागें पंचेचाळीस पावलें चढ, अशा अतिशय उभ्या चढावर दर मीटराला लागणारी शक्ति सपाटीच्या सुमारें साडेपांच पट भरली. उलट, शंभरास वीस या उतारावर ती सपाटीच्या निम्म्यावर आली, आणि उतार याहूनहि तीव्र झाला तेव्हां पुन्हां वाढूं लागली. कारण मग शरीराला आवरून धरण्यांतच शक्ति जाते. म्हणून उभ्या चढावर जाणता गडी गुडघ्यांवर हात टेकून, लहान पावलांनीं चालतो, आणि जमीन जरा सपाट झाली कीं पुन्हां धांवूं लागतो. त्याच चढावर धांवत सुटणारा नवशिका पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभा असलेला दिसतो.

उतार स्वस्त खरा, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशीं द्यावी लागते. उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच जोर लावीत असतात. त्यामुळें त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं जिना उतरतांना ओठ आवळावे लागतात. यावर औषध एकच, तें म्हणजे थोडें-थोडें उतरण्याची संवय. पावलें लहान व भराभर टाकावींत, शरीर मागें रेलूं देऊं नये, टांच पुढें रोंवूं नये, आणि दृष्टि पायाशीं न ठेवतां तीन-चार मीटर पुढच्या जमिनीवर ठेवावी. पायाखालचा दगड पाहून उपयोग नसतो, कारण तो दिसेपर्यंत पाऊल त्यावर पडलेलें असतें.

आतां कोणी म्हणेल, हें नवें खूळ आहे. नव्या बुटांपुरतें तें नवें असेल. आपल्या मुलखांत रस्ते नव्हते तेव्हां पत्रें कशीं जात होतीं? मराठी कागदपत्रांत जासूदजोडीचा उल्लेख वारंवार येतो. दोन जासूद मिळून पत्र घेऊन निघत. वाटेंत एकाला कांहीं झालें, तर दुसऱ्यानें तें पोंचवावें, हा त्या जोडीमागचा सरळ हिशेब. कोल्हापुरांत तर डोंगरवाटेचें नांव काढलें कीं पन्हाळा आठवणारच. १६६० च्या जुलै महिन्यांत भर पावसाच्या रात्रीं शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले आणि बाजीप्रभूंनीं घोडखिंड अडवून धरली. त्या रात्रीला शर्यतीच्या भाषेंत मोजणें हा अविचार होईल. परंतु आजहि दरवर्षीं जुलैमध्यें शेंकडों माणसें पन्हाळ्यावरून मसाईचें पठार ओलांडून पांढरपाणी व पावनखिंडीपर्यंत पायीं जातात. चिखल, धुकें, जळवा आणि भिजलेलीं पायताणें यांची ओळख या जिल्ह्यांतील पुष्कळ तरुणांना तेथेंच होते. तालमींतल्या पोरांनाहि धांव नवी नाहीं. आखाड्यांत उतरण्यापूर्वीं दम वाढविण्यासाठीं ती लागतेच.

येथें मला थोडें आडवळण घेऊं द्या. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर भरलेल्या शर्यती पाहावयास सर दोराबजी टाटा गेले होते. शेतांत राबणारीं, साधें अन्न खाणारीं मुलें तेथें अनवाणी धांवत होतीं. कोणी त्यांना शिकविलें नव्हतें, आणि तरी त्यांतील कांहींचे वेळ टाटांना थक्क करणारे ठरले. याच पाहण्यांतून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठीं हिंदुस्थानचा चमू उभा राहिला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्यांनीं मॅरेथॉन दोन तास पन्नास मिनिटें आणि कांहीं सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीं मॅरेथॉनचें अंतर आजच्याहून अर्ध्या किलोमीटरानें अधिक, म्हणजे पावणेत्रेचाळीस किलोमीटर होतें, हेंहि ध्यानांत घ्यावें.

ही गोष्ट सांगण्याचें कारण असें, कीं आज मोठ्या डोंगरशर्यतीचें प्रवेशशुल्क, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी आणि मनगटावरचें घड्याळ यांचा एकत्रित खर्च पाहिला, तर ज्याच्या घरामागूनच ती डोंगरवाट जाते तो मुलगा तींत उतरूंच शकत नाहीं. शर्यत त्याच्या गायरानांतून जाते आणि तो बांधावर उभा राहून टाळ्या वाजवितो. मोठ्या शर्यती वाईट, असें माझें म्हणणें नव्हे. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले एका दमांत जोडणारी त्रेपन्न किलोमीटरांची धांव पुण्याच्या मंडळींनीं उभी केली आहे, ती पाहून छाती दडपते. तींतील निशाणदारी, पाणी, वैद्यकीय मदत यांना पैसा लागतोच. पण गांवच्या धांवणाऱ्यांना वर्षांतून एका सणापेक्षां दर पंधरवड्याचा नेम अधिक उपयोगी पडतो.

लंडनजवळच्या बुशी पार्कमध्यें २००४ च्या २ ऑक्टोबरला तेरा माणसें पांच किलोमीटर धांवण्यास जमलीं. शुल्क नाहीं, बक्षीस नाहीं, वेळ मोजणारे आणि वाट दाखविणारे सारे स्वयंसेवक. त्यांतूनच 'पार्करन' ही साप्ताहिक धांव अनेक देशांत पसरली. तिचें मर्म नियमितपणांत आहे. तींच माणसें, तीच वाट, दर शनिवारीं. त्यामुळें माणूस दुसऱ्याशीं स्पर्धा करण्यापेक्षां आपल्याच मागच्या शनिवारशीं करूं लागतो.

कळंब्याला अशी मालिका करावयाची, तर हंगाम दसऱ्यानंतर सुरू करावा आणि माघांत संपवावा. पावसाळ्यांत वाटा निसरड्या असतात. माघानंतर गवत वाळतें, वणवे लागतात, आणि ऊन सकाळीं नऊलाच डोक्यावर येतें. सहा-सात रविवार पुरेत. नवख्यांना पांच किलोमीटर आणि सरावलेल्यांना दहा, याहून अधिकाचा मोह प्रथम धरूं नये. पाऊलवाट कोणाच्या तरी उंसाच्या बांधावरून, कोणाच्या तरी राखलेल्या गवतांतून जाते. पाऊस संपल्यावर तें गवत कापून ठेवणें हें मालकाच्या जनावरांचें वर्षाचें खाणें असतें. तेव्हां आधीं त्याच्या घरीं जाऊन विचारावें, आणि दोनशें पाय गवत तुडवून जाणार नाहींत अशी वाट आंखावी. खुणेसाठीं चुन्याच्या फक्क्या किंवा कापडी फिती वापराव्यात, आणि शेवटच्या गड्यामागून येणाऱ्यानें त्या फिती काढून आणाव्यात. झाडाला खिळे नकोत. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखालून वाट नेऊं नये. राधानगरीकडच्या रानांतून गवे कधींकधीं खालीं उतरतात, त्यामुळें आदल्या दिवशीं गुराख्याला विचारलेलें बरें. त्याच्याइतकी ताजी बातमी दुसऱ्या कोणापाशीं नसते.

परंतु साऱ्यांत महत्त्वाची गोष्ट मोजदादीची. दोन पावसाळ्यांपूर्वीं मी एका पठारावर अशाच धांवेंत उतरलों होतों. धुकें इतकें दाटलें, कीं दहा हातांपुढचें दिसेना. वाऱ्यानें खुणेच्या फिती उडून गेल्या होत्या. मी आणि कागलकडचा एक शाळामास्तर तासभर भलत्याच दिशेनें गेलों. शेवटीं एका धनगराच्या कुत्र्यानें आम्हांला हुडकलें, आणि धनगरानें वाटेला लावलें. खालीं आलों तेव्हां मांडव उतरविला जात होता. आम्ही दोघे आलों नाहीं, हें कोणाच्या लक्षांतहि आलें नव्हतें. मास्तर हंसले, मला हंसूं आलें नाहीं. चीनमधील कान्सू प्रांतांत २०२१ च्या २२ मे रोजीं शंभर किलोमीटरांच्या डोंगरधांवेंत हवा एकाएकीं फिरली, गारठा व वादळी पाऊस आला, आणि एकशें बहात्तर स्पर्धकांपैकीं एकवीस जण थंडीनें मेले. आपल्याकडे तितका गारठा नाहीं. पण भिजलेल्या अंगाला पठारावरचा वारा लागला, कीं जुलैमध्यें सुद्धां हातांचीं बोटें गुंडी लावूं शकत नाहींत, हें मीं अनुभविलें आहे. म्हणून निघतांना प्रत्येकाचें नांव लिहावें, परततांना तें खोडावें, आणि एकहि नांव शिल्लक असेतों कोणी घरीं जाऊं नये. सर्वांच्या मागून एक अनुभवी माणूस यावा. त्याचें काम धांवण्याचें नव्हे, तर कोणाला आपल्यामागें राहूं न देण्याचें.

स्त्रियांच्या सहभागाविषयीं एक शब्द. पहांटे काळोखांत एकट्या स्त्रीनें डोंगरवाटेला जावें, असें मी सुचविणार नाहीं. पुरुषानेंहि जाऊं नये. सूर्योदयानंतर आणि टोळीनें निघण्याचा नेम ठेवला, म्हणजे घरच्या वडील माणसांची हरकत पुष्कळशी निवते, असा माझा अनुभव आहे. माझ्या वहिनी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यानें या वाटेला आल्या. त्या पहिले तीन रविवार केवळ चालल्या. चौथ्या रविवारीं त्यांना कोणी सांगितलें नसतांहि उतारावर धांवूं लागल्या.

बुटांची चिंता प्रथम करूं नये. तळव्याला खांचा असलेलें, घोट्याला घट्ट बसणारें कोणतेंहि जुनें पायताण पांच किलोमीटरांस चालतें. पाण्याविषयीं मात्र एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. जितकें अधिक पाणी तितकें बरें, हें खरें नव्हे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्यें शर्यत संपविलेल्या ४८८ जणांचें रक्त तपासलें, तेव्हां शंभरांपैकीं तेरांच्या रक्तांतील सोडियम धोक्याच्या पातळीखालीं गेलेलें आढळलें. वाजवीहून फार पाणी पिणें हें त्याचें एक मुख्य कारण होतें. तहान लागली कीं प्यावें. तासाभराहून अधिक धांवावयाचें असेल, तर लिंबू, मीठ आणि थोडी साखर घातलेलें पाणी जवळ ठेवावें. कोल्हापुरांत गुळाची वाण कधींच नव्हती, आणि वाटेंत गुळाच्या खड्याइतकें सोयीचें खाणें मला तरी अजून सांपडलेलें नाहीं.

येत्या रविवारीं जी मंडळी प्रथमच जाणार असतील, त्यांनीं बांधाच्या टोंकापासून निघून पंचवीस मिनिटें चढावें, आणि जेथें असाल तेथून मागें फिरावें. शिखराचा हट्ट धरूं नये. परततांना तलाव दिसूं लागतो तेथें उताराची शेवटची वाट गवताळ आहे. सकाळच्या दंवानें ती ओली असते आणि घर जवळ आलें म्हणून पाय सैल सुटतात. बहुतेक घोटे मुरगळतात ते तेथेंच.