ताण शरीराचा, गुठळी रक्ताची

भाईंदर / प्रतिनिधी

उत्तनच्या किनाऱ्यावर जाळ्यातून मासळी काढताना शिंगाळ्याचा काटा हातात घुसणे ही कोळी बांधवांच्या दृष्टीने नित्याची बाब. कळ येते, रक्त वाहते आणि काही मिनिटांत थांबते. ते थांबविण्यास ताणाच्या प्रसंगी स्रवणारी संप्रेरकेही हातभार लावतात. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून येणारे अ‍ॅड्रिनॅलिन प्लेटलेट्सना उत्तेजित करते. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे रक्त लवकर गोठते, हे अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१४ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले होते.

जखमेपुरती उपकारक असलेली हीच तजवीज संसर्ग रक्तात भिनल्यावर उलटू शकते. संसर्गाविरुद्धचा शरीराचा प्रतिकार अनावर होऊन अवयवांनाच इजा करू लागतो, त्या अवस्थेला 'सेप्सिस' म्हणतात. अशा वेळी काही पांढऱ्या पेशी रक्त गोठविणारे प्रथिन निर्माण करतात. गुठळ्या विरघळविणारी यंत्रणाही मंदावते. परिणामी सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबून मूत्रपिंडे व फुफ्फुसांचा रक्तपुरवठा घटतो. गुठळ्यांमध्येच प्लेटलेट्स खर्ची पडल्या की रुग्णाला रक्तस्रावही सुरू होतो.

कॉर्टिसॉल या दुसऱ्या संप्रेरकाची भूमिका दुहेरी आहे. ते गोठण्याकडे कल वाढवू शकते, तसेच दाहाला लगामही घालते. म्हणूनच औषधांनीही रक्तदाब सावरत नसलेल्या सेप्सिसच्या रुग्णांना डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन देतात. मेंदूज्वराच्या काही जंतूंमुळे तर अधिवृक्क ग्रंथींमध्येच रक्तस्राव होतो आणि शरीर ऐन संकटात या संप्रेरकांना मुकते.

येथे ताण म्हणजे केवळ मनाची चिंता नव्हे, तर आजाराने शरीरावर आलेला भार, हे ध्यानात घ्यायला हवे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. या रोगाचे जंतू दूषित पाण्यातून त्वचेवरील लहानशा जखमेवाटेही शरीरात शिरतात. आजार बळावल्यास प्लेटलेट्स घटणे, मूत्रपिंडे निकामी होणे आणि फुफ्फुसांत रक्तस्राव होणे असे प्रकार घडतात.

त्यामुळे काटा लागल्यास वा चिखलपाण्यातून चालताना जखम झाल्यास ती स्वच्छ धुवावी. त्यानंतर ताप, धाप, गोंधळलेपणा, लघवी कमी होणे किंवा अंगावर जांभळे डाग दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. सेप्सिसमध्ये वाया गेलेला प्रत्येक तास महागात पडू शकतो.