ख्रिस्ती सेवाधर्म व दुष्काळांतील दात्यांचें कर्तव्य

ख्रिस्ती धर्मांतील आत्मत्याग म्हणजे केवळ देहदंडन नव्हे. शेजाऱ्याच्या हितासाठीं आपलें सुख, वेळ व हक्क सोडणें हें त्याचें खरें स्वरूप. मंदिराच्या भांडारांत श्रीमंतांनीं मोठ्या रकमा टाकिल्या आणि एका विधवेनें दोन दमड्या. येशूनें विधवेचें दान थोर मानिलें, कारण इतरांनीं शिलकेंतून दिलें व तिनें उपजीविकेंतून. म्हणजे रक्कम किती, यापेक्षां दात्यानें स्वतःवर भार किती घेतला, हें येथें पाहिलें जातें.

महाराष्ट्रांत याचें ठळक उदाहरण पंडिता रमाबाई यांचें आहे. त्यांचे आईबाप व थोरली बहीण हीं पूर्वीच्या दुष्काळांत मरण पावलीं होतीं. १८८३ सालीं इंग्लंडांत बाईंनीं बाप्तिस्मा घेतला व १८८९ सालीं मुंबईस शारदासदन काढिलें; तें पुढें पुण्यास आलें. त्यांच्या धर्मकार्यावरून तेथें तीव्र वाद झाला. परंतु त्यांची दुष्काळांतील सेवा त्या वादापलीकडची आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या. सदनास अमेरिकेंतून येणारी मदत उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणार्थ होती. तरी बाईंनीं सुमारें ३०० निराश्रित मुली व स्त्रिया यांचा भार पत्करिला. पाऊस पडला म्हणजे दुष्काळ सरतो; परंतु पोरकी मुलगी पावसानें सनाथ होत नाहीं, हें त्या जाणून होत्या. म्हणून केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतील मुली आल्या व वस्ती हजारावर गेली. तेथें शेती, विणकाम, शिवण व छापखान्याचें काम शिकवून मुलींस स्वतःच्या पायांवर उभें केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं देह ठेवीपर्यंत बाईंनीं तें कार्य सोडिलें नाहीं.

आतां व्यापारी व जमीनदार सज्जनांस विनंती. धान्याचीं पोतीं अवश्य द्यावीं. परंतु तीं संपल्यावर कुळास बियाणें, बैलांस चारा व अनाथास आसरा कोण देणार, याचाही विचार व्हावा. खंड व व्याज वसूल करण्याचा हक्क कायदा देतो. तो वापरलाच पाहिजे अशी सक्ति मात्र करीत नाहीं. जें आपलें नाहींच तें सोडण्यांत त्याग कसला? यंदांचा खंड माफ करणें, व्याजास मुदत देणें, आणि कुटुंब सांवरेपर्यंत त्याचा भार वाहणें, हाच खरा त्याग होय. आपला धर्म कोणताही असो, भुकेल्याच्या दारीं सेवेची कसोटी एकच आहे.