कलेजीचा रंग काय सांगतो, काय सांगत नाही
मेलेला पक्षी चिरला, कलेजी फिकट दिसली, की बहुतेक पोल्ट्री शेडवर लगेच पाण्यात लिव्हर टॉनिक पडतं. पण रंगावरून पोषण कळत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची कलेजी पिवळीच असते, कारण बलकातली चरबी तिच्यात उतरलेली असते. अंड्यावरच्या कोंबडीची कलेजीही फिकटच; बलकाची चरबी तिथेच तयार होते. याला आजार म्हणणं चूक.

'रक्त तपासलं की झालं' हाही असाच समज. अ जीवनसत्त्वाला तो मुळीच लागू पडत नाही. शरीर यकृतातला साठा खर्चून रक्तातली पातळी टिकवून धरतं. रक्तातला आकडा घसरतो तेव्हा कोठार जवळपास रिकामं झालेलं असतं. म्हणून खाद्यात मिसळलेलं जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण (प्रीमिक्स) खरंच लागू पडलं का, हे यकृतातच मोजावं लागतं.

हे काम जपून करायचं. उजेड आणि हवा लागली की अ जीवनसत्त्व नासतं, त्यामुळे कलेजी मंद प्रकाशात वाटतात. मग ती अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत तापवतात, हेक्झेनमध्ये जीवनसत्त्व उतरवून घेतात आणि एचपीएलसी यंत्रावर मोजतात. खनिजांसाठी नमुना नायट्रिक आम्लात विरघळवतात.

आकडा हाती आला की आधी विचारावं: ओल्या वजनावर की सुक्या? कलेजीत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, म्हणजे एकाच नमुन्याचे दोन आकडे चौपटीने वेगळे येतात. त्यातच कलेजी चरबीने फुगली, तर साठा तेवढाच असूनही दर ग्रॅमचं प्रमाण कमी दिसतं. अख्ख्या कलेजीचं वजन अहवालात नसेल, तर मी त्या अहवालावर विसंबणार नाही. आणि एका दिवसाच्या पिल्लाची कलेजी तपासली, तर कळतं ते त्याच्या आईनं काय खाल्लं हे.

सगळी पोषकं सारखी वागतही नाहीत. खाद्यातलं तांबं थोडंफार वाढवलं, तरी कलेजीतलं फारसं हलत नाही; किलोमागे दोन-अडीचशे मिलिग्रॅम ओलांडले की झपाट्यानं चढतं. जस्ताचा अंदाज तर नडगीच्या हाडावरून जास्त नीट येतो.

'जास्त घातलं तर बिघडलं कुठे?' बिघडतं. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक झाला की कलेजीतलं ई जीवनसत्त्व घटतं. शिवाय ती कलेजी माणसं खातात. 100 ग्रॅम कच्च्या कोंबडीच्या कलेजीत साधारण 3,300 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं, आणि प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा 3,000 धरतात. गर्भाला धोका नको, म्हणून गरोदरपणात कलेजी टाळायला सांगतात ते याचसाठी.